काओशुंगला आम्ही कशाला गेलो

तैवानहून परत आल्यावर लेस्टरच्या आमच्या मराठी मंडळात मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "तैवानला? कशाला?" माणसं फ्लोरिडाला जातात, स्वित्झर्लंडला जातात, सिंगापूरला मावसभाऊ असला तर तिकडे जातात. तैवान म्हणजे आमच्या केतकीच्या लहानपणीच्या बाहुल्यांच्या पाठीवर छापलेलं नाव. नव्वदीची मधली वर्षं होती, तिथे जाऊन आलेलं आमच्यात कुणीच नव्हतं. मी सगळ्यांना ड्रॅगनची, देवळांची, फेरीबोटीची हकिगत सांगितली. ती खरीच आहे, आणि ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी इथे लिहितेही आहे. पण 'कशाला' याचं उत्तर मला स्वतःलाच तिथे पोचून आठवडा होत आला तेव्हा कळलं.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानात मी भेंडीचं शेपूट मोडून बघितल्याशिवाय भेंडी घेत नाही आणि 'सेल' लिहिलेल्या दुकानात पाऊल टाकत नाही. त्यामुळे आमच्या ह्यांनी एका संध्याकाळी चहा पिता पिता, "लिनने बोलावलंय. दोन आठवडे काओशुंगला जाऊ. जरा हिंडू, खाऊ-पिऊ," असं म्हटलं तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

हे सर्जन. इतकी वर्षं लेस्टरच्या हॉस्पिटलात काढली, पण सुट्टी म्हणजे वर्षाकाठी एक आठवडा कॉर्नवॉल, आणि तिथूनही रोज वॉर्डला फोन. खाण्यापिण्याची तर गोष्टच नको. पानात काय वाढलंय हे बघायच्या आत जेवून उठणारा माणूस! लिन हा ह्यांचा एडिनबरातला जुना मित्र. परीक्षांच्या वर्षांत दोघं हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये शेजारशेजारच्या खोल्यांत राहिले होते. हे पुढे सर्जन झाले, लिन मेंदूविकाराचा डॉक्टर होऊन मायदेशी गेला. त्यानंतर ख्रिसमसचं कार्ड सोडलं तर त्याचा आमचा संबंध नव्हता. आणि आता एकदम दोन आठवडे?

मी लंडनला केतकीला फोन लावला.

"आई, ऑनेस्टली!" ती म्हणाली. "बाबाला हॉलिडे हवा असेल, दॅट्स ऑल. तू प्रत्येक गोष्टीत काहीतरी डॉजी शोधतेस. माझा पूर्ण टीनएज तुझ्या क्वेश्चन्समध्ये गेली."

मी तिचं व्याकरण सुधारलं आणि संशय तसाच ठेवला. लिनचा दवाखाना तिकडे जोरात चालतो, एवढं कार्डांवरून कळत होतं. त्याला ह्यांना भागीदार करून घ्यायचं असणार, असा माझा हिशेब होता. आणि हे नाही म्हणायला शिकलेलेच नाहीत. उतारवयात तिसऱ्या देशात बिऱ्हाड थाटायची माझी मुळीच तयारी नव्हती.

उलटं स्वस्तिक

काओशुंग हे तैवानच्या दक्षिण टोकाचं भलंमोठं बंदराचं शहर. विमानातून उतरल्याबरोबर उकडीच्या भांड्याचं झाकण काढावं तशी वाफ अंगावर आली. रस्त्यावर स्कूटरीच स्कूटरी. एकेका स्कूटरवर बाप, आई, मधे दोन पोरं आणि पुढे पायाशी कुत्रा. मला पुण्याची आठवण झाली, फक्त कुत्रा नवा होता. टॅक्सीवाल्याचे दात लालभडक बघून मी चमकले, पण त्याने खिडकीतून पिंक टाकली आणि जीव भांड्यात पडला. सुपारी! हजारो मैलांवर ओळखीचं असं हेच पहिलं दिसलं.

लिन विमानतळावर घ्यायला आला होता. बुटका, टकला, हसरा. ह्यांचा उजवा हात त्याने दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. मनगट धरून हलवतोय, जरा वळवतोय, हसतोय. एवढं प्रेम मला काही बरं वाटलं नाही. काहीतरी मागायचं असल्याशिवाय माणूस इतका वेळ हात धरत नाही.

त्याची बायको मेई शाळेत इंग्रजी शिकवायची. मी शाकाहारी आहे हे तिला आधीच कळवलं होतं. "काळजी नको," ती म्हणाली. "इथे निम्म्या आज्या शाकाहारी असतात." पहिल्याच दुपारी तिने आम्हाला एका खाणावळीत नेलं. दारावरच्या पाटीवर हे एवढं थोरलं स्वस्तिक. लेस्टरला दिवाळीत मी उंबऱ्याशी छोटं स्वस्तिक काढते तर शेजारच्या म्हाताऱ्याला दर वर्षी नव्याने समजावून सांगावं लागतं. इथे ते भर रस्त्यात दिमाखात लटकत होतं. मेई म्हणाली, बुद्धाचं चिन्ह आहे, हे असलं की दुकान शाकाहारी समजायचं. मी नीट बघितलं. स्वस्तिक होतं, पण उलट्या दिशेचं. आत जाताना माझा पाय जरा अडखळलाच.

आत टेबलावर पहिला पदार्थ आला तो मासा. अख्खा. पाठीवर काळपट चमकती कातडी, वर आल्याच्या सळ्या. दुसऱ्या ताटलीत बदकाचे काप, त्यांना चक्क कातडीवरचे खड्डे. तिसऱ्या ताटलीत कोळंबी, गुलाबी पट्ट्यांसकट.

"सगळं व्हेज," मेई म्हणाली. "सोयाबीन. कातडी म्हणजे समुद्रातलं शेवाळ. कांदा-लसूणसुद्धा नाही."

कांदा-लसूणसुद्धा नाही! म्हणजे आमच्या सासूबाईंच्या चातुर्मासापेक्षा कडक. पण माझा विचार वेगळाच चालला होता. ज्याने मांस सोडलं तो मांसाची नक्कल करायला इतका जीव का टाकील? आपल्याकडे उपासाची माणसं साबुदाण्याचे डोंगर खातात, पण साबुदाण्याला पापलेटाचा आकार कुणी देत नाही. मी माशाच्या पोटात काटे शोधले. काटा नव्हता. पण काटे काढूनही मासा करता येतोच की. शेवटी मी भात आणि पालेभाजी खाल्ली, पालेभाजीही हुंगून.

ह्यांची गंमत वेगळीच चालली होती. चॉपस्टिक्सनी ह्यांना एक घास धड उचलता येईना. टोफूचा तुकडा निसटायचा, मश्रूम टेबलावर घरंगळायचं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही केसासारख्या दोऱ्याने शिवणारे, आणि तुम्हाला हे जमत नाही? मी बघा." मला जमत होतं, म्हणून मिरवत होते. मेई हसली, हेही हसले. लिन तेवढा हसला नाही. त्याने माशाचा एक तुकडा उचलून ह्यांच्या वाटीत ठेवला. पाहुण्याच्या वाटीत आपल्या हाताने घास ठेवायची तिकडे पद्धतच आहे. आपला आग्रह तोंडाने चालतो, त्यांचा हाताने.

कमळांचं तळं

दुसऱ्या दिवशी मेई आम्हाला कमळांच्या तळ्यावर घेऊन गेली. काठावर दोन उंच मनोरे, एकाच्या पायाशी रंगवलेला अजस्र ड्रॅगन, दुसऱ्याच्या पायाशी वाघ. ड्रॅगनच्या तोंडातून आत शिरायचं आणि वाघाच्या तोंडातून बाहेर पडायचं, की आपली पीडा टळते. उलट गेलं तर काय, हे मी विचारलं. मेईने नुसती मान हलवली. आत भिंतींवर स्वर्ग-नरकाची चित्रं. नरकाची चित्रं स्वर्गापेक्षा जास्त मन लावून काढलेली, हे आपल्यासारखंच.

मी दोन-तीनदा ह्यांचा फोटो काढला. दर वेळी उजवा हात पँटच्या खिशात. "हात बाहेर काढा, लग्नाला आलेल्या पुढाऱ्यासारखे काय उभे राहता?" मी म्हटलं. त्यांनी काढला आणि फोटो होताच परत घातला.

देवळाबाहेर खाण्याच्या गाड्या होत्या. तिथे वारा फिरला आणि असा काही वास आला की मी साडीचा पदर नाकाला लावून उलटी वळले. तुंबलेलं गटार, त्यात कुजलेला कोबी, असा काहीसा. मेई आनंदाने म्हणाली, "नासका टोफू! आमची खासियत." टोफू महिनोन्महिने खाऱ्या पाण्यात नासवायचा आणि मग तळायचा. तिकडची माणसं त्यासाठी रांग लावतात. मी दहा हात लांब उभी राहिले.

हे मात्र गाडीला टेकून उभे होते. कढई त्यांच्या नाकाखाली. चेहऱ्यावर काही नाही.

"अहो, सहन कसं होतं तुम्हाला?"

"काय?"

"वास!"

ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कढईकडे. "हो, येतोय ना जरासा," असं म्हणाले, आणि घाईघाईने एक तुकडा तोंडात टाकला. ह्यांचं खोटं बोलणं मला कळतं. लग्नानंतर पहिल्या वर्षातच मी ते शिकले होते. पण येत नसलेला वास 'येतोय' म्हणून कुणी खोटं कशाला बोलेल, ते काही मला कळेना.

त्या रात्री जेवणानंतर लिनच्या दिवाणखान्यात गप्पा चालल्या होत्या. लिन मला म्हणाला, "विनायकला खूप वर्षांनी विश्रांती मिळतेय, बरं वाटतंय ना?" हे म्हणाले, "हो, नुसती विश्रांती." आणि छतावरून खरीखुरी पाल चुकचुकली. तैवानच्या दक्षिण भागातल्या पाली मोठ्याने बोलतात, उत्तरेतल्या मुक्या असतात, असं मेई सांगत होती. मी तिकडे लक्ष न देता खुर्चीच्या हातावर बोटाने टकटक केलं आणि मनात 'कृष्ण कृष्ण' म्हटलं. लेस्टरला पालच नाही, त्यामुळे ही सवय कित्येक वर्षांत वापरली नव्हती.

आइस्क्रीमची व्हॅन

मग दोघे मित्र रोज सकाळी 'फळं आणायला' जाऊ लागले. फळं आणायचेही. जांभासारखी गुलाबी फळं, शहाळ्याएवढे पेरू. पण फळं आणायला सगळी सकाळ लागत नाही, आणि फळबाजारातून आलेल्या माणसाच्या शर्टाला स्पिरिटचा वास येत नाही. सर्जनशी संसार केलेल्या बाईला तो वास झोपेतही ओळखता येतो. म्हणजे लिन ह्यांना आपला दवाखाना दाखवत होता. ह्यांची खुर्ची कुठे मांडायची, हेही ठरलं असणार. मेईला विचारलं तर ती पपईचं दूध पुढे करायची. पपई आणि दूध एकत्र! आमच्या आईने ऐकलं असतं तर वैद्याला बोलावलं असतं. मी ग्लासभर प्यायले, कारण तोंड बंद ठेवायचं होतं. चव उत्तम होती, पोटालाही काही झालं नाही, याचा मला थोडा रागच आला.

एके दिवशी मी एकटीच गॅलरीत उभी होते. रस्त्याच्या टोकाकडून पियानोचे गोड सूर ऐकू आले. हे मला लगेच कळलं. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात आइस्क्रीमची व्हॅन असेच सूर वाजवत येते आणि केतकी लहानपणी चपला न घालता धावायची. इतक्या उकाड्यात आइस्क्रीम म्हणजे अमृतच. चिल्लर मुठीत घेऊन मी जिना उतरले. खाली अख्खी गल्ली जमली होती. म्हाताऱ्या, शाळकरी पोरी, गंजीफ्रॉकातले पुरुष. मीही रांगेत उभी राहिले. सगळ्यांच्या हातात पिशव्या होत्या, हे जरा विचित्र वाटलं. तेवढ्यात पिवळा ट्रक जवळ आला आणि माझ्या पुढच्या आजीने आपली पिशवी भिरकावून मागच्या तोंडात टाकली. कचऱ्याची गाडी! तिकडे ती सूर वाजवत येते आणि माणसं कचरा घेऊन खाली उतरतात. मुठीत पैसे घेऊन कचरागाडीसमोर उभी असलेली साडीतली बाई बघून आजी इतकी हसली की मलाही हसू आवरेना.

हसता हसताच मला ट्रकच्या पलीकडे लिनची गाडी थांबलेली दिसली. हे उतरले. बाही दुमडलेली होती आणि कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा, वर चिकटपट्टी. रक्त काढल्यावर लावतात तसा. त्यांनी बाही खाली ओढली आणि बटण लावू लागले. ते लागेना. लिनने पुढे होऊन लावून दिलं, लहान मुलाचं लावावं तसं.

भागीदार करून घ्यायच्या माणसाचं कुणी रक्त तपासत नाही. 

त्या संध्याकाळी जेवणाआधी टेबलावर उकडलेल्या शेंगदाण्यांची बशी होती. हे एकेक दाणा चॉपस्टिक्सनी उचलायचा प्रयत्न करत होते. हळू, फार हळू. मी पहिल्यांदाच ह्यांच्याकडे बघायचं सोडून लिनकडे बघितलं. लिन बोलत होता एकीकडे आणि बघत होता त्या बोटांकडे. वॉर्डात राउंड घेताना हे ज्या नजरेने पेशंटकडे बघतात, त्या नजरेने. विमानतळावर तो हात का सोडत नव्हता, ते मला तेव्हा कळलं. 

फेरीबोट

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच बोटीने पलीकडच्या चिजिन बेटावर निघालो. सगळ्या बोटीत स्कूटरी आणि त्यांचा धूर. दोन्ही बाजूंना डोंगराएवढी मालवाहू जहाजं. मी कठड्याशी उभी राहून विचारलं, "लिन तुम्हाला रोज कुठे नेतो?"

"फिरायला."

"फिरून आलेल्या माणसाच्या कोपरात कापूस नसतो."

 मग त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि कठड्यावर ठेवला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होते, विडी वळल्यासारखे. त्यांनी तसं करायचं म्हणून केलेलं नव्हतं.

"थायरॉइड असेल असं वाटलं होतं," ते म्हणाले. "त्यानेही हात कापतो. गोळ्यांनी बरं होतं. ब्लड रिपोर्ट नॉर्मल आला."

नॉर्मल या शब्दाची मला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. "मग?"

"पार्किन्सन्स. अर्ली आहे. वास जातो तो त्यातच, बटणं लागत नाहीत तेही त्यातच. स्कॅन केला, बाकी काही नाही, असं लिन म्हणाला. त्याची खात्री आहे."

"लेस्टरला का नाही दाखवलंत?"

"अगं, लेस्टरला दाखवलं असतं तर लंचच्या आत कँटीनमध्ये कळलं असतं."

"आणि मला? मी कँटीन आहे का?"

 मला रडायला येत होतं आणि रागही येत होता. भेंडी मोडून बघणारी मी, घरातल्या माणसाचा हात खिशात गेला ते मला दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"कुणाला काही झालं तर नाही ना?" मी विचारलं. "पेशंटला?"

"नाही. मोठ्या केसेस माझ्या हाताखालचा रजिस्ट्रार करतो, मी शेजारी उभा राहतो. आणि ऐक, इन्स्ट्रुमेंट हातात घेतलं की थांबतो गं हा! अगदी थांबतो. आणखी एक वर्ष मी नीट काम करू शकेन. मग रिटायर होईन, पार्टी घेऊन, व्यवस्थित. कुणाला कळायचंही नाही."

"लिन काय म्हणतो?"

"लिन म्हणतो, आजच थांब. कापणं थांबतं, पण बोटं मंदावलीत म्हणतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पण लिन फिजिशियन आहे. त्याला थिएटरमधलं काय कळतं? तू सांग. तुझा आहे ना विश्वास माझ्या हातावर?"

या जगात माझा कशावर विश्वास असेल तर तो त्याच हातावर होता. स्वस्तिकावर नाही, ड्रॅगनवर नाही, दुधातल्या पपईवर तर नाहीच. हो म्हणणं इतकं सोपं होतं, आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

"टेबलावर केतकी असती तर?" मी म्हटलं.

ते एकदम मागे सरले. मी मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. बोट धक्क्याला लागली, स्कूटरी सुरू झाल्या, माणसं उतरली. आम्ही बेटावर उतरलो, काळ्या वाळूवरून चाललो, माझ्यासाठी त्यांनी भाजलेलं कणीस घेतलं.  मला स्वतःचा संताप आला. पण शब्द परत घ्यावा असं मात्र वाटलं नाही.

लिनची अभ्यासिका

पुढचा दिवस शनिवार-रविवारातला नव्हता, म्हणजे लेस्टरचं हॉस्पिटल चालू होतं. आमच्याकडे दुपार कलली की त्यांच्याकडे सकाळ होते. जेवल्यापासून हे घड्याळाकडे बघत होते. चहाच्या वेळी उठले, लिनला म्हणाले, "तुझा फोन वापरू का?" आणि अभ्यासिकेत जाऊन दार लोटून घेतलं.

मी उठले आणि दाराशी जाऊन उभी राहिले. मेईने बघितलं आणि नजर वळवली. पण मला राहवेना. आत जाऊन हे हवापाण्याच्या गप्पा मारतील, एक वर्षाची सोय करून घेतील, आणि बाहेर येऊन मला म्हणतील, सांगितलं. ह्यांना मी ओळखते.

हे आधी सेक्रेटरीशी बोलले, मग मेडिकल डायरेक्टरशी. इंग्रजीत, वॉर्डातल्या आवाजात. रोगाचं नाव घेतलं. कधीपासून, ते सांगितलं. परत आल्यावरच्या पहिल्या ऑपरेशन लिस्टवरून माझं नाव काढा म्हणाले. नंतरच्याही. मधे एकदा पलीकडून काहीतरी समजुतीचं बोलणं झालं असावं, कारण हे म्हणाले, "नाही, बघू वगैरे नको. काढूनच टाका." सगळा जन्म मी दारांआडून ऐकत आले, आणि ऐकलं ते खोटं निघावं असं पहिल्यांदाच वाटलं.

फोन ठेवल्याचा आवाज आला. मी पाय न वाजवता मागे सरणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"ये आत. सगळं ऐकलंस ना?"

मी दार ढकललं. हे माझ्याकडे पाठ करून बसले होते. दोन्ही हात टेबलावर उघडे ठेवलेले, उजवा आपला चाळा करत होता.

"नाही," मी म्हटलं. "नीट ऐकू नाही आलं. मला सांगा."

ते वळले. तिकडे इंग्रजीत इतकं सरळ बोललेला माणूस, मराठीत सांगताना दोनदा अडखळला.

"मी आता ऑपरेशन करणार नाही," ते म्हणाले. "कधीच नाही."

मग माझा विश्वास बसला.